बाईंची पद्धत

“असं समज, मला यातलं ओ की ठो कळत नाही,” बाई म्हणाल्या आणि खुर्चीतच मांडी घालून बसल्या. “आता सांग. प्रमाण विचलन म्हणजे काय?”

धाकटीनं वही उघडली. ती इथे शिकायला आली होती, शिकवायला नाही. मानसशास्त्राच्या पदवीचे बाकी सगळे विषय तिनं हसतखेळत काढले होते. संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती हा एकच पेपर दोनदा मानगुटीवर बसला होता. या खेपेलाही राहिला, तर समुपदेशनाच्या अभ्यासक्रमातली तिची जागा दुसऱ्याला जाणार होती. ती जागा तिला जिवापाड हवी होती.

बाई वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आल्या होत्या. सामान चढवताना एक खोकं जिन्यात फुटलं आणि संख्याशास्त्राची जाडजूड पुस्तकं आईच्या पायाशी येऊन पडली. सामानाला हात लावायला आलेली दोन चांगली बाप्येमाणसं अदबीनं ‘बाई, बाई’ करत होती. आईला एवढं पुरे झालं.

“बाई, आमच्या धाकटीला पदरात घ्या,” तिनं तिथेच गळ घातली.

“अहो, पण मी...”

“फी तुम्ही म्हणाल ती!” आई सहसा कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नसे.

बाईंनी एकदा पुस्तकांकडे पाहिलं, एकदा धाकटीकडे. “फीबी काही नको. पण रोज यायचं. दोघी मिळून बघू.”

तर आता प्रमाण विचलन.

“समजा, दोन बस आहेत,” धाकटी चाचरत म्हणाली. “दोन्ही सरासरी पाच मिनिटं उशिरा येतात. पण एक रोज पाचच मिनिटं उशिरा. दुसरी आज वेळेवर, उद्या दहा मिनिटं उशिरा. सरासरी सारखीच, पण दुसरीचा भरवसा नाही. हे वरखाली किती होतं, ते मोजायचं.”

बाईंनी गुडघ्यावर थाप मारली. “म्हणजे आमचा भाऊ! सरासरीनं माणूस चांगला आहे.”

धाकटी खुदकन हसली. संख्याशास्त्र शिकताना ती आयुष्यात पहिल्यांदाच हसत होती.

घरी मात्र तिनं कुरकूर केली. “बाई काहीच शिकवत नाहीत. नुसतं विचारतात. मी अडले, की म्हणतात, उद्या वाचून ये आणि सांग.”

“मोठी माणसं अशीच असतात,” बाबा म्हणाले. “आमचे साहेबही कधी काही सांगत नाहीत.”

“ते त्यांना येत नाही म्हणून,” आई म्हणाली. “बाईंची गोष्ट वेगळी. त्यांची ती पद्धत आहे.”

पद्धत खरोखरच अजब होती. शून्य परिकल्पनेला तर बाईंनी कहर केला. धाकटीनं घरातलंच उदाहरण घेतलं होतं. डब्यातली बिस्किटं संपतात. शून्य परिकल्पना अशी, की त्यात बाबांचा काही हात नाही. भक्कम पुरावा मिळेपर्यंत तेच धरून चालायचं.

“आणि पुरावा नाहीच मिळाला तर? बाबा निर्दोष!” बाई म्हणाल्या.

“निर्दोष नाही. दोष सिद्ध झाला नाही, एवढंच.”

“एकच की ते.”

“एकच कसं? पुरावा मिळाला नाही म्हणजे बाबांनी बिस्किटं खाल्ली नाहीत, असं होत नाही!”

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा तिथेच चुकल्या. तिसऱ्या दिवशीही. “अहो बाई, किती वेळा सांगू!” धाकटी ओरडली आणि तिनं जीभ चावली.

“चुकलंच माझं,” बाई म्हणाल्या. “पुन्हा सांग.”

बाई आपल्याला पक्कं करायला मुद्दाम चुकतात, असं आता धाकटीचं ठाम मत झालं होतं. त्या चुका पकडायला तिला मजा येऊ लागली. नियंत्रित गट कशासाठी, सहसंबंध म्हणजे कारण का नव्हे, हे ती हातवारे करून सांगू लागली. बाई वर्गातल्या शहाण्या पोरीसारख्या मान डोलवत ऐकत.

परीक्षा तोंडावर आली आणि जुनी प्रश्नपत्रिका सोडवताना तिचं घोडं अडलं. एक गणित काही केल्या सुटेना. तिनं पेन भिरकावलं.

“नाही जमणार मला. मी परीक्षेलाच बसत नाही.”

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. “असं नको गं करूस. तू सोडलंस, तर माझं काय होईल?”

त्यांचे डोळे भरून आले होते. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या नापास होण्याचं इतकं दुःख आजवर कुठल्या शिक्षकाला झालं होतं? तिनं पेन उचललं, गणित पहिल्यापासून मांडलं. उणे चिन्ह राहिलं होतं, बाकी सगळं बरोबर होतं. तिनं ते बाईंना नीट समजावलं. बाईंनी तिला पोटाशी धरलं.

परीक्षेच्या दिवशी धाकटी जागेवर बसली, तरी सूत्रं पुटपुटतच होती. इतक्यात बाई ताठ मानेनं दारातून आत आल्या आणि पर्यवेक्षक आले समजून सगळा वर्ग उठून उभा राहिला.

“बसा, बसा!” बाईंच्या खणखणीत आवाजानं सगळे बसले.

धाकटीला हायसं वाटलं. बाई सरळ तिच्यापाशी आल्या आणि मागच्या बाकावर टेकल्या.

“बाई, पर्यवेक्षकांची खुर्ची पुढे आहे,” ती मागे वळून कुजबुजली.

“मला काय करायचीय ती? मी शाळेत बाई होते, ते खोखो शिकवायला.” बाईंनी पर्समधून परीक्षेचं प्रवेशपत्र काढून बाकावर ठेवलं आणि तिच्या पाठीवर हलकेच थोपटलं. “तीनदा नापास झाले गं या पेपरात. तेव्हा तुझ्यासारखी शिकवणारी कुठे होती मला!”