फितीखालून

"त्या पोरीला आवरा हो ताई! साहेब नाक्यावर पोचलेत!" नगरपालिकेचे कारकून ओरडले, तसं पाळणाघर चालवणाऱ्या दमयंतीताईंच्या हातातलं ओवाळणीचं तबक हिंदकळलं.

दारातला रॅम्प तयार होऊन महिना झाला होता. दिव्यांग बालकांच्या निधीतून तो मिळवताना नगरपालिकेचे जिने चढून चढून ताईंचे स्वतःचे गुडघे गेले होते. पण नगराध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन झाल्याशिवाय त्यावर कुणी पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम होता. म्हणून पायांत जोर नसलेली चार वर्षांची शलाका रोज आईच्या कडेवरूनच पायऱ्या चढायची आणि रॅम्पकडे बोट दाखवून विचारायची, "आज?"

आज तिने विचारलंच नाही. वॉकर सरळ रॅम्पकडे वळवला. तोंडाशी लाल फीत होती, पण ती नगराध्यक्षांच्या पोटाच्या बेताने बांधलेली. शलाका आरामात तिच्याखालून गेली.

"चल गं शले, चल!" दारातली पोरं नाचायला लागली. वॉकर खडखडत वर सरकू लागला. आई धावणार, तोच ताईंनी तबक कारकुनांच्या हातात कोंबलं आणि तिचा दंड धरला. "हात लावू नकोस. चढतेय ती."

वर पोचून शलाकाने धापा टाकत जाहीर केलं, "मी आले!" कारकुनांनीही टाळ्या वाजवल्या असत्या, पण हातात तबक होतं.

तेवढ्यात गाडीतून नगराध्यक्ष उतरले. "उशीर तर नाही ना झाला?"

"छे हो साहेब," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "उद्घाटन आत्ताच झालं. तुमच्यासाठी फीत ठेवलीय."