टोक सोडायचं नाही

पुढच्या खोलीत म्हातारा लाइनमन सुनेच्या लॅपटॉपसमोर बसला होता. मागच्या खोलीत, जुन्या कॉम्प्युटरसमोर, त्याचा कामावरचा जोडीदार. मधे वीतभर जाडीची भिंत, आणि दोघांच्याही कानाला मोबाइल.

"माझ्याकडे वायर ठीक आहे," जोडीदार फोनवर म्हणाला. "तुझ्याकडे बघ."

लाइनमनने आपल्याकडचं टोक पुन्हा तपासलं. सकाळपासून त्यांनी दोन्ही कॉम्प्युटर जोडणारी वायर पार उकलून पाहिली होती. भिंतीवरच्या क्लिपा काढल्या, दोन्ही टोकांचे कनेक्टर कापून नवे बसवले, दाराच्या चौकटीशी वायर वळते तिथे बोटांनी चाचपलं. तीस वर्षं दोघांनी टेलिफोनच्या तारा अशाच दुरुस्त केल्या होत्या, एक जण एक्स्चेंजमध्ये, दुसरा खांबावर. काम होईपर्यंत आपलं टोक सोडायचं नाही, हा नियम. त्यामुळे आजही चार पावलं चालून पलीकडे जावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

सुनेचं म्हणणं वाजवी होतं. तिच्या लॅपटॉपवर विंडोज, मागच्या कॉम्प्युटरवर लिनक्स, दोघांची भाषा निराळी, आणि घरातला एकुलता एक प्रिंटर त्या मागच्याला जोडलेला. एक कागद छापायचा तरी पेन ड्राइव्ह घेऊन मागे पळायचं. नवा प्रिंटर घेऊ, हे जुन्या कॉम्प्युटरचं धूड काढून टाकू, असं ती महिनाभर म्हणत होती. शेवटी तिने भंगारवाल्याला सांगून टाकलं. तो उद्या सकाळी येणार होता. लाइनमन दोन दिवस जेवताना बोलला नाही. मग तीच म्हणाली, आज संध्याकाळपर्यंत माझ्या लॅपटॉपवरून मागच्या प्रिंटरवर एक कागद काढून दाखवा, मग भंगारवाल्याला मी येऊ नको म्हणून कळवते.

त्या धुडात लाइनमनचे नकाशे होते. निवृत्त झाल्यावर तो कॉम्प्युटर शिकला तो त्यांच्यासाठीच. गावातला एकेक खांब, एकेक जोड, कुठली तार कुणाच्या घरी गेली ते सगळं. खांब आता उरले नव्हते, तांबं कधीच गुंडाळून नेलं होतं. नकाशे मी लॅपटॉपवर घेऊन ठेवते, सून म्हणाली होती. पण मग ते बघायला दर वेळी तिचा लॅपटॉप मागावा लागला असता, आणि मागून वापरायची त्याला सवय नव्हती.

लॅपटॉपच्या पडद्यावर मागच्या कॉम्प्युटरचं नाव दिसत होतं. क्लिक केलं की तो नाव आणि पासवर्ड विचारायचा. दोन्ही बरोबर टाकले तरी नाही म्हणायचा. लाइनमनने पक्कड उचलली आणि अजून एकदा टोक कापून बघतो, असं फोनवर सांगितलं.

सून दारात उभी राहून बघत होती.

"बाबा, तो नाव विचारतोय म्हणजे तुमची हाक पोचलीय ना त्याच्यापर्यंत? मग वायर कशाला सोलताय?"

लाइनमनने पक्कड खाली ठेवली. तार तुटलेली असती तर पलीकडून कुणी विचारलं असतं? त्याने हे जोडीदाराला सांगितलं.

"तरी मी सकाळपासून तेच म्हणतोय," जोडीदार म्हणाला. त्याने सकाळपासून असं काहीही म्हटलं नव्हतं.

लाइनमनने चष्मा पुसून आपली वही उघडली. शिकताना लिहून घेतलेलं सापडलं. लिनक्सचा आपला पासवर्ड वेगळा, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून येणाऱ्यांची यादी वेगळी. त्या यादीत नाव घालायचं राहूनच गेलं होतं. घराचा मालक, पण रखवालदाराला त्याचं नाव ठाऊक नाही. नाव घालायला एक ओळ पुरे होती. ती मागच्या कॉम्प्युटरवर टाइप करायची होती, आणि मागच्या टोकाला जो बसला होता त्याने जन्मात कीबोर्डला हात लावला नव्हता.

सून म्हणाली, मी जाऊन टाकते. दोघांनी एकदमच नको म्हटलं.

मग लाइनमन एकेक अक्षर सांगत गेला आणि जोडीदार शोधत गेला. एक अक्षर सापडलं की खांब चढून आल्यासारखा तो दम घ्यायचा. पासवर्डपाशी आल्यावर त्याची तक्रार आली, दाबतोय पण काहीच उमटत नाही. उमटणार नाही, दाबत राहा, लाइनमन म्हणाला. हे जोडीदाराला पटायला वेळ लागला. तीनदा चुकलं, आणि तिन्ही वेळा त्याने लाइनमनच्या शिकवण्याचा उद्धार केला. चौथ्यांदा नाव लागलं.

लॅपटॉपने पुन्हा नाव विचारलं, आणि या वेळी आत घेतलं. नकाशांचं फोल्डर दिसलं, शेजारी प्रिंटर. सुनेने लॅपटॉपवर तो प्रिंटर जोडून घेतला आणि काय छापू म्हणून विचारलं. लाइनमनने नदीकडच्या लाइनीचा नकाशा दाखवला.

मागच्या खोलीत प्रिंटर खडखडला. सुनेने तो आवाज ऐकला, आपला मोबाइल घेतला आणि भंगारवाल्याला कळवायला बाहेर गेली.

"आला कागद," जोडीदार म्हणाला. मग नकाशावर बोट ठेवत, "एक नंबरचा खांब एक्स्चेंजच्या दारात. दोन. तीन. सातवर कावळ्याचं घरटं होतं बघ, त्याने तुला टोचलं होतं."

लाइनमन म्हणाला, घरटं आठवर. सातवर तू पट्टा न बांधता चढलास आणि मी खालून शिव्या घातल्या. जोडीदाराच्या मते शिव्या बाराव्या खांबावर. दोघं वाद घालत खांबामागून खांब पुढे निघाले. पुराच्या वर्षी वाकलेला पंधरावा. विसाव्यावरून दाईच्या घरची तार, ती तुटली की हातातलं काम टाकून आधी तिकडे धावायचं. चौतिसावा नदीच्या काठावर. त्यापुढे कागद कोरा होता.

"झालं काम," जोडीदार म्हणाला. "लाइन सोडू का?"

लाइनमनने समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"राहू दे जरा," तो म्हणाला. "आवाज स्वच्छ येतोय."