ठळक अक्षर

जालन्याच्या एका कॉलेजात रजनी मॅडम इतिहासाचा ऑनलाइन कोर्स शिकवायच्या. परतूरजवळच्या खेड्यातली साक्षी ही त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. जूनमध्येच तिचा फोन आला होता. "मॅडम, नोट्सचं अक्षर लई बारीक अन् फिकं हाय. माझी नजर कमी होऊन राह्यली. जरा मोठं करता का?"

मॅडमनी ऑफिसात विचारलं, तर नोट्सचा नमुना ठरलेला, परवानगीशिवाय काहीच बदलता येणार नाही. अर्जावर अर्ज केले, तेव्हा कुठे दिवाळीनंतर परवानगी मिळाली. मग चार दिवस बसून त्यांनी सगळे धडे ठळक, काळ्या, मोठ्या अक्षरांत नव्याने तयार केले, साक्षीला पाठवले आणि लगोलग फोन लावला.

"आता दिसतंय ना गं नीट?"

"हो मॅडम. आई म्हणती, आता बराबर दिसून राह्यलं."

"अगं, आईचं नाही, तुझं विचारतेय मी."



"मला दसऱ्यापासून काहीच दिसत न्हाई, मॅडम. आईच एकेक अक्षर लावून वाचून दाखवती."