नावानं मारलेली हाक

मुलांनो, समजा, तुम्ही रानात वाट चुकलात आणि तिसऱ्या दिवशी झाडांच्या शेंड्यांवरून तुमच्या आईची हाक आली. तुम्ही ओ द्याल ना?

मधुरा ओ देणारच होती. कपारीत तिचे बाबा पाय मोडून पडले होते, अंगात ताप होता आणि बाटलीत दोन घोट पाणी उरलं होतं. आवाज अगदी आईचा होता. "मधुरा, कुठं आहेस गं? हिंदुराव, ओ द्या."

बाबांनी तिचा हात घट्ट धरला. "गप्प बस. तुझी आई मला नावानं हाक मारेल? लग्नाला बारा वर्षं झाली, अजून 'अहो'च्या पुढं गेली नाही ती. हा चकवा आहे. ओ दिली की माणूस आणखी आत भरकटतो."

हाक पुन्हा आली, त्याच तालात, तेवढ्याच मायेनं. मधुरानं कपारीतून वर पाहिलं. फवारणीच्या ड्रोनएवढं एक यंत्र झाडांवर घिरट्या घालत होतं आणि आईचा आवाज त्याच्यातून येत होता. मग ते वळलं. हाक लांब जाऊ लागली.

"बाबा, ती आई नाही, पण चकवाही नाही," ती म्हणाली. "आपल्याला शोधायला सोडलेलं यंत्र आहे, आईच्या आवाजात बोलतंय; आई तुम्हाला 'अहो' म्हणते हे त्याला कुठं ठाऊक?"

"जाऊ नको, पोरी."

तिनं हात सोडवून घेतला, उघड्या कातळावर धावत गेली आणि घसा फाटेस्तोवर ओरडली, "तू माझी आई नाहीस, मला कळलंय. तरी मागं फिर. बाबांना उचलायला माणसं पाठव."