दर्यातला दहावा

बिनतारीवर आलेला निरोप अनंतानं कागदावर उतरवला. नामाची आय, बाईजा, त्याच सकाळी गेली होती.

"साहेब, त्याला सांगू?"

साहेबानं नाय म्हणून मान हलवली. वर कारगिलला लढाई पेटलेली, खाली आरमाराच्या बोटी भर दर्यात तयारीत उभ्या. इथून कुणाला घरी धाडता येत नव्हतं. "बंदराला लागेपर्यंत तोंड बंद. तू त्याच्या मुलखातला, कागद तुझ्यापाशी ठेव, मग तूच सांग."

अनंता शहापुराकडं शेणव्याचा, नामा मुरबाडाकडं टोकावड्याचा. दोघांचं काम एकच, बिनतारीच्या खोलीत पाळीपाळीनं बसायचं. एक कानाला लावून बसला की दुसरा झोपला. येईल ते लिवायचं, साहेबाला द्यायचं, तिसऱ्याला बोलायचं नाय. लढाईत त्यांच्या वाट्याला एवढंच आलेलं.

पाळी बदलताना नामा बोलला, "काय आलं?"

"काय नाय. हवामान."

"मग तोंड असं का? लगीन नाय झालं तुझं, नि सासरा मेल्यावानी बसलाय."

अनंता उगीच हसला. बाईजेच्या हातची नाचणीची भाकर त्यानं खाल्ली होती. सुट्टीवरून परतताना ती नामाबरोबर त्याचीपण शिदोरी बांधायची.

दोन दिसांनी नामा पण गप झाला. जेवताना नजर देईना. अनंताला वाटलं, आयची नाळ हाय, लेकराला आतून कळत असंल.

सुतकात लेकानं गोडधोड खाऊ नये. तो बिचारा जाणत नाय म्हणून काय झालं, आपण तर जाणतो. ताटात शिरा आला की अनंता उचलून घ्यायचा. "तुला खोकला झालाय."

"मग तू पण ठेव खाली," नामा म्हणायचा. "मला नाय तर तुला पण नाय. मटणपण ठेव."

"हेकट रे तू."

"हाय तर हाय."

आता राहिला दहावा, तो येत होता गुरवारी. लेकाचं डोकं भादरलं पायजे. नामाचा बाप लहानपणीच गेलेला, त्यामुळं नामाला कसली आडकाठी नव्हती. अनंता बोलला, "लय उकडतंय. गुरवारी गोटा करून टाक. न्हावी मोकळा हाय."

"तू करशील तर मी करीन."

अनंतानं लगेच डोक्यावर हात ठेवला. घरी त्याचा बा, बारकू, या दिसांत चिखलात उभा असणार, भाताच्या आवणाला, रोपं लावत. बाप जिता असताना लेकानं गोटा करायचा म्हंजे बापाचं वाईट चिंतायचं.

"माझा बा हाय रे घरी."

नामानं नजर पाण्याकडं वळवली. "दोघांनी करायचा, नायतर कुणीच नाय. नि गुरवारी नाय. शनवारी."

"शनवारी कोण डोकं भादरतो?"

"मला सवड शनवारीच."

त्या दोन रात्री अनंताला झोप लागली नाय. एकीकडं बा, एकीकडं बाईजा. शेवटी त्यानं ठरवलं, बा समजून घेईल. बाईजेला दुसरं कोण हाय?

शनवारी तो आधी बसला. वस्तरा फिरत होता नि तो मनात म्हणत होता, बा, तुझं आयुष्य शंभर होऊ दे, माझी चूक पोटात घाल. भादरून झाल्यावर नामानं तांब्या उचलला नि त्याच्या डोक्यावर हळूहळू पाणी सोडलं.

"एवढा लाड कशाला रे?"

नामानं तांब्या त्याच्या हातात दिला. मग तो बसला. अनंतानं बाईजेचं नाव घेतलं मनात नि त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं.

बारा दिसांनी बोट मुंबईला लागली. साहेबानं अनंताला खुणेनं सांगितलं, आता बोल. अनंतानं खिशातला कागद चाचपला नि मागं गेला. नामा दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला होता. त्याच्या हातात एक कागद होता, घामानं मऊ पडलेला.

कळलं याला, अनंताला वाटलं. कुणी सांगितलं?

"नामा, मला आधीच सांगायचं होतं रे. पण साहेब..."

"माझं पण तसंच झालं," नामा बोलला. "बस खाली. धीर धर."

त्यानं कागद पुढं केला. वर गाव लिवलं होतं, शेणवा. खाली नाव, बारकू.