पाणी तोडलं

“बघ, घामाचा एक थेंब नाही. रंग कसा मस्त बसतोय!” धाकटा आरशातूनच ताईला म्हणाला.

ताई त्याच्या पाठीवर स्पंजने तपकिरी रंग लावत होती. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत उतरायचं तर हा रंग हवाच, नाहीतर स्टेजच्या दिव्यांत स्नायू उठून दिसत नाहीत. आणि स्वतःची पाठ काही स्वतःला रंगवता येत नाही. म्हणून बेकरीतली दुपारची पाळी मैत्रिणीच्या गळ्यात मारून ती आली होती. आल्या आल्या धाकट्याने तिला कोपरापर्यंत हात धुवायला लावले. मैदा म्हणजे विष, ते अंगाला लागायला नको. ताईने मुकाट्याने हात धुतले. हाच पोरगा एके काळी बेकरीतून आणलेले गोड पाव चोरून खायचा आणि घरीदारी सगळे त्याला भोपळ्या म्हणायचे, हे आता सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं.

स्टेजमागच्या त्या खोलीत पंखा नव्हता. ताईच्या मानेवरून घाम ओघळत होता. त्याची पाठ मात्र भट्टीतून नुकत्याच काढलेल्या ट्रेसारखी तापलेली आणि कोरडी ठणठणीत होती. तिने दोनदा हात लावून पाहिला.

“शेवटचं पाणी कधी प्यायलास?”

“परवा रात्री. मीठ तर त्याच्याही आधी तोडलं. वर पाणी उतरवायच्या गोळ्या घेतल्यात.” हे त्याने परीक्षेचे मार्क सांगावेत तसं सांगितलं. ओठ एकमेकांना चिकटत होते, त्यामुळे शब्द मध्येच अडकत होते. “पाणी म्हणजे नुसती सूज गं. कातडीखाली साठतं आणि केलेली सगळी मेहनत झाकून टाकतं.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“सगळ्यांना माहितीये.”

भिंतीशी आणखी काही रंगवलेली पोरं पाय वर करून पडली होती. त्यातला एक बर्फाचा खडा नुसताच ओठांवरून फिरवत होता आणि सुटलेलं पाणी टॉवेलने टिपून घेत होता.

ताई पोटरीपर्यंत आली आणि थबकली. कातडीखाली काहीतरी आपोआप उडत होतं. थांबायचं, पुन्हा उडायचं.

“सर, हे बघा ना, याच्या पायाला काय होतंय.”

व्यायामशाळेचे सर दारातून आत आले. पोरांचं पाणी तोडणाऱ्या या गृहस्थांचं स्वतःचं पोट शर्टाच्या बटणांची परीक्षा घेत होतं. त्यांनी वाकून पोटरी पाहिली. “उरलंसुरलं पाणी निघतंय, ताई. चांगलं लक्षण आहे.”

“मघाशी छातीत धडधडतंय म्हणत होता.”

“स्टेजची भीती. ती तर हवीच!”

ते गेल्यावर ताईने पिशवीतून बाटली काढली आणि त्याच्यापुढे धरली. “एक घोट घे. माझ्यासाठी.”

धाकटा बाटलीकडे पाहत राहिला. त्याच्या गळ्याची घाटी वरखाली झाली. मग त्याने मान फिरवली. “वर्षभर उकडलेली कोंबडी खाल्लीये, ताई. आता एका घोटासाठी पुन्हा भोपळ्या होऊ?”

त्याला दोन थोबाडीत द्याव्यात आणि बाटली तोंडात ओतावी असं ताईला वाटलं. पण तेवढ्यात बाहेर त्याचं नाव पुकारलं आणि तो उठून गेलासुद्धा.

ती पडद्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. धाकट्याने दोन्ही दंड वर करून फुगवले आणि सभागृह दणाणलं. दिव्यांच्या झोतात त्याची शीर न् शीर मोजता येत होती. परीक्षकांनी पुढची पोझ सांगितली.

तो हलला नाही.

परीक्षकांनी पुन्हा सांगितलं. दंड तसेच वर, हसूही तसंच. लोकांना वाटलं, पठ्ठ्या दम दाखवतोय. शिट्ट्या सुरू झाल्या. “वा रे वाघा! सोडू नको!” मागून कुणीतरी ओरडलं. सरही टाळ्या वाजवायला लागले.

ताईने त्याचे डोळे पाहिले. सगळ्या अंगात तेवढेच हलत होते, आणि ते तिला शोधत होते.

ती धावत स्टेजवर गेली. “डॉक्टरांना बोलवा! अरे, कुणीतरी डॉक्टरांना बोलवा!” तिचा आवाज टाळ्यांत कुणालाच ऐकू गेला नाही. तिने त्याचा हात खाली ओढून पाहिला. तो लाकडासारखा ताठ होता, हलेना.

“अहो बाई, बाजूला व्हा की!” समोर गुडघ्यावर बसलेला फोटोवाला वैतागून ओरडला. “अशी पोझ पुन्हा मिळायची नाही!”