कातडं

चौसाळ्याच्या बाजारातून तात्याबा परतला, तर सशांच्या जोडीतली मादी दिसेना. "बोक्यानं नेली, दादा," धाकटा भाऊ सुग्रीव म्हणाला. नर कोपरे हुंगत फिरायचा, पाल्याला तोंड लावेना. मेलेलं कोकरू हुंगलं की मेंढी ओरडायची थांबते, हे धनगराला सांगावं लागत नाही. म्हणून तात्याबा मादीचं काही उरलंय का ते शोधत निघाला. सुग्रीवच्या कुडामागं तिचं कातडं वाळत होतं.

"पिकं बघाया आलेल्या गिरदावरसाहेबाला सशाचंच कालवण पायजे व्हतं," सुग्रीव म्हणाला.

"मग बोक्याचं नाव कावून घेतलंस बे?"

"तुला सोसलं नसतं."

तात्याबानं कातडं नरापुढं ठेवलं. त्यानं ते हुंगलं, मग पाला ओढला.

बायको गेली तेव्हा तात्याबा कळप घेऊन लांब होता. त्याला सोसणार नाही म्हणून सुग्रीवनं निरोप न धाडताच माती उरकली होती. तिचं तोंड बघायचं राहूनच गेलं.